स्टिरॉइडची तिसरी फेरी आणि लपवून मोडलेली गोळी

पाच वर्षांच्या मुलीच्या आईचं पत्र आलं आहे. साडेतीन महिन्यांपूर्वी साध्या सर्दी-तापानंतर लेकीच्या पायांवर बारीक लाल ठिपके आणि काळेनिळे डाग उठले. रक्त तपासलं तर प्लेटलेट ११ हजार. निदान झालं आयटीपी, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच प्लेटलेट नष्ट करते तो आजार. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सुरू झालं आणि आठवड्याभरात काउंट १ लाख २० हजारांवर गेला. डोस उतरवत आणला तसा तो १८ हजारांवर घसरला. पुन्हा डोस वाढला, पुन्हा काउंट चढला, पुन्हा घसरला. आता तिसरी फेरी चालू आहे. या सगळ्या काळात रक्तस्राव म्हणाल तर अंगावरचे डाग आणि एकदा फुटलेला घोळणा, तोही थोड्या वेळात थांबलेला. पण मुलीचा चेहरा सुजला आहे, ती सारखी खायला मागते, रात्री उठून बसते, क्षुल्लक कारणावरून वस्तू फेकते. वडील दर आठवड्याला काउंट करून घेतात आणि फोनमध्ये त्याचा आलेख ठेवतात. "आकडा वर आहे तोवर ती सुरक्षित आहे," असं त्यांचं म्हणणं. आईला वाटतं, आजारापेक्षा औषधच लेकीला जास्त छळतंय. गेले काही दिवस ती कुणालाही न सांगता गोळी मोडून अर्धीच देते आहे. ती विचारते : "मी तिला वाचवते आहे की धोक्यात घालते आहे? आणि त्या सर्दीकडे मी वेळेवर लक्ष दिलं असतं तर हे टळलं असतं का?"

प्रिय मैत्रिणी,

आधी अर्ध्या गोळीचं बोलू, बाकीचं सगळं त्यानंतर. आजच्या आज डॉक्टरांना फोन करा आणि किती दिवस, किती डोस कमी दिला हे जसंच्या तसं सांगा. बोलणं होईपर्यंत त्यांनी लिहून दिलेला पूर्ण डोस द्या. हे मी तुम्हाला रागावून सांगत नाही. आठवडेच्या आठवडे स्टिरॉइड पोटात जात असलं की मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं नैसर्गिक स्टिरॉइड, बनवणं कमी करतात. बाहेरून आयतं मिळतंय म्हटल्यावर त्या सुस्तावतात, आणि पुन्हा कामाला लागायला त्यांना वेळ लागतो. अशा वेळी डोस एकदम खाली आणला तर मूल गळून जातं, पोटात दुखतं, उलट्या होतात, रक्तदाब उतरतो. नेमका त्याच दिवसांत मोठा ताप आला किंवा इजा झाली तर प्रकरण जिवावर बेतू शकतं. म्हणून स्टिरॉइड उतरवायचं ते पायरीपायरीने, आणि ती पायरी डॉक्टरांनी ठरवलेली असावी.

दुसरा धोका लगेच लक्षात येत नाही. तुम्ही डोस निम्मा केला आहे हे डॉक्टरांना ठाऊक नाही. पुढच्या तपासणीत काउंट घसरलेला दिसला, तर ते असंच समजतील की पूर्ण डोसवरसुद्धा मुलीच्या प्लेटलेट टिकत नाहीत. मग डोस वाढेल, किंवा आणखी मोठ्या औषधाकडे बोट दाखवलं जाईल. ज्या औषधापासून लेकीला सोडवायला तुम्ही धडपडता आहात, तेच जास्त मिळण्याची सोय या लपवाछपवीतून होते आहे. फोनवर संकोच वाटेल, पण डॉक्टरांना हे नवं नसतं. स्टिरॉइडवर असलेल्या मुलांच्या आया गुपचूप डोस कमी करतात हे बहुतेक बालरोगतज्ज्ञांनी पाहिलेलं असतं. त्यांना खरं काय ते कळायला हवं असतं, एवढंच.

आता तुमच्या मनातल्या शंकेबद्दल. ती शंका बरोबर आहे असं मला वाटतं. वाट चुकली, पण प्रश्न अगदी योग्य विचारला आहे. तुमची मुलगी मी तपासलेली नाही, तिचे सगळे कागद माझ्यापुढे नाहीत, त्यामुळे तिचा डोस मी ठरवू शकत नाही. पण पाच वर्षांच्या मुलीला अंगावरच्या डागांपलीकडे फारसा रक्तस्राव नसताना तीन-तीन वेळा स्टिरॉइड का, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

थोडं आजाराकडे पाहू, कारण तुमच्या दोघांच्या भांडणाचं मूळ तिथे आहे. प्लेटलेट अस्थिमज्जेत (बोन मॅरोत) तयार होतात आणि एरवी सात ते दहा दिवस रक्तात फिरतात. आयटीपीमध्ये प्रतिकारशक्ती त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार करते. ही प्रतिपिंडं चिकटलेल्या प्लेटलेट प्लीहा या पोटातल्या अवयवात गाळल्या जातात आणि काही तासांत संपतात. दोष रक्तद्रवात आहे हे कळलं त्याची हकीगत विलक्षण आहे. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या विल्यम हॅरिंग्टन या तरुण डॉक्टरने आयटीपीच्या रुग्णाचं रक्त स्वतःच्या शिरेत चढवून घेतलं आणि काही तासांत त्याच्या स्वतःच्या प्लेटलेट कोसळल्या. १९५१ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लहान मुलांत हा बिघाड बहुतेक वेळा एखाद्या विषाणूसंसर्गानंतर काही आठवड्यांत होतो, आणि सर्वांत जास्त तो दोन ते पाच वर्षांच्या वयात दिसतो. त्या वयात सर्दी-ताप कुणाला होत नाही? हजारो मुलांना होतो, आणि त्यातल्या एखाद्याच्या शरीरात ही चुकीची ओळख पटते. सर्दीवर दुसऱ्या दिवशी औषध दिलं असतं तरी हे टळलं नसतं. तुमच्या पत्रातलं ते शेवटचं वाक्य तुम्ही किती रात्री मनात घोळवलं असेल याची मला कल्पना आहे, म्हणून स्पष्ट सांगते : यात तुमची काहीही चूक नाही.

या आजारातली दुसरी, तितकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे बहुतेक मुलांचा आयटीपी आपोआप बरा होतो. दहातली सात-आठ मुलं सहा ते बारा महिन्यांत यातून बाहेर पडतात, औषध दिलं तरी आणि नाही दिलं तरी. नेदरलँड्समध्ये २०६ मुलांवर झालेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्या मुलांना सुरुवातीलाच आयव्हीआयजी हे शिरेतून देण्याचं औषध दिलं आणि निम्म्यांवर फक्त बारीक लक्ष ठेवलं. औषध मिळालेल्यांचा काउंट लवकर सुधारला हे खरं. पण वर्षाअखेरीस आजार टिकून राहिलेल्यांचं प्रमाण एका गटात १० टक्के होतं आणि दुसऱ्यात १२. तो अभ्यास स्टिरॉइडचा नव्हता हे लक्षात ठेवायला हवं, तरी त्यातून दिसणारी गोष्ट स्टिरॉइडलाही लागू आहे असं या क्षेत्रातले तज्ज्ञ मानतात : ही औषधं काउंट उचलून धरतात, आजार किती दिवस राहील हे ठरवत नाहीत.

गळक्या टाकीचं उदाहरण घ्या. स्टिरॉइड म्हणजे गळतीवर दाबून धरलेला हात. हात आहे तोवर पाणी चढतं, काढला की उतरतं. भोक बुजायचं ते त्याच्या वेळेनेच बुजतं. तुमच्या लेकीचा काउंट दोनदा चढला आणि दोनदा पडला, यात औषध फसलं असं नाही की मुलीची तब्येत बिघडली असंही नाही. आजार अजून गेलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. आणि स्टिरॉइडने काउंट इतका झपाट्याने चढतो यातून निदानाला बळकटीच मिळते.

आता तुमच्या यजमानांचं म्हणणं : आकडा वर म्हणजे मूल सुरक्षित. हे वाटणं अगदी स्वाभाविक आहे. दीड लाख ते साडेचार लाख हा नेहमीचा काउंट असताना हातात ११ हजारांचा कागद पडला की कुठल्याही बापाच्या पोटात गोळा येईल. पण आयटीपीत आकडा आणि रक्तस्राव यांचं नातं आपण समजतो तेवढं सरळ नसतं. अस्थिमज्जा जोरात काम करत असते, त्यामुळे ज्या थोड्या प्लेटलेट रक्तात असतात त्या ताज्या, आकाराने मोठ्या आणि कामाला तरबेज असतात. म्हणून १० हजारांच्या काउंटवरही अनेक मुलं अंगावरच्या डागांखेरीज काहीही न होता हिंडताफिरताना दिसतात. केमोथेरपीमुळे किंवा अस्थिमज्जेच्या आजारामुळे प्लेटलेट १० हजार झालेल्या मुलाची गोष्ट वेगळी असते. डेंग्यूतल्या घसरलेल्या प्लेटलेटचाही हिशेब वेगळा. ते आकडे इथे लावू नयेत.

ज्याची सगळ्यांना धास्ती असते तो मेंदूतला रक्तस्राव एक टक्क्याहून कमी मुलांत होतो. दुर्मिळ आहे म्हणून तो नगण्य ठरत नाही, आणि तसं मी म्हणणारही नाही. पण बऱ्याचदा त्याच्या आगेमागे डोक्याला मार, रक्त पातळ करणारं औषध किंवा तोंडातून, लघवीतून, शौचातून होणारा रक्तस्राव असं काही सापडतं. म्हणजे राखण करायची ती या गोष्टींची. आठवड्याच्या रिपोर्टमध्ये १४ हजारांचे ९ हजार झाले म्हणून धाबं दणाणू देण्यात अर्थ नाही. इतक्या खालच्या पातळीवर यंत्राच्या मोजणीतसुद्धा तेवढा फरक पडतो, आणि साध्या सर्दीनेही काउंट तात्पुरता उतरतो.

म्हणूनच अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटॉलॉजी या रक्तविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचना काउंटवर अडून बसत नाहीत. नवीन निदान झालेल्या मुलाला रक्तस्राव नसेल किंवा फक्त त्वचेवर डाग असतील, तर स्टिरॉइडऐवजी निरीक्षण पुरेसं आहे असं त्या सुचवतात. तोंडातून-नाकातून रक्त येत असेल किंवा आजारामुळे मुलाचं रोजचं जगणं अवघड झालं असेल तर स्टिरॉइड जरूर द्यावं, पण थोडकं : प्रेडनिसोलोनच्या जातीचं औषध किलोमागे दिवसाला २ ते ४ मिलिग्रॅम, पाच ते सात दिवस. सात दिवसांहून लांबणारा कोर्स नको, हे तर त्यांनी ठामपणे लिहिलं आहे. काउंट वाढवण्यासाठी महिनोन् महिने डोस वर-खाली करत राहणं या विचारात बसत नाही. तुमच्या डॉक्टरांकडे वेगळं काही कारण असू शकतं. घोळणा किती वेळ फुटला होता, घर रुग्णालयापासून किती दूर आहे, हे सगळं त्यांनी पाहिलं असेल. पण ते कारण काय, हे तुम्हाला समजलं पाहिजे.

इथे तुमचंही एक गृहीतक मला हलकेच बाजूला सारायचं आहे. स्टिरॉइड हा शत्रू नाही. मूल तोंडात रक्ताचे फोड घेऊन येतं, नाकाचं रक्त थांबत नाही, तेव्हा हेच औषध दोन दिवसांपासून आठवड्याभरात काउंट वर आणतं आणि सगळं घर सुटकेचा श्वास घेतं. स्वस्त, सहज मिळणारं, तोंडाने देता येणारं औषध आहे. त्रास होतो तो ते लांबल्यामुळे. सुजलेला चेहरा, वखवखलेली भूक, उडालेली झोप, संताप : हे सगळं औषधाचं देणं आहे, आणि औषध थांबल्यावर काही आठवड्यांत ते ओसरतं. तिचं वस्तू फेकणं हे हट्टीपण नाही. तिच्या डोक्यात औषध गोंधळ घालतंय आणि पाच वर्षांच्या मुलीला ते सांगता येत नाही. शिक्षा करू नका. गोळी सकाळी, काही खाल्ल्यावर दिली तर झोप आणि पोट दोन्हींना थोडा आराम पडतो. संध्याकाळचा डोस असेल तर तो सकाळी हलवता येईल का, हे विचारा. मात्र महिनोन् महिने चाललेल्या स्टिरॉइडने रक्तदाब आणि साखर वाढू शकते, संसर्ग लवकर होतो, हाडं विरळ होतात, उंची वाढण्याचा वेग मंदावतो. साडेतीन महिने वर-खाली डोस चालू असलेल्या मुलीची उंची, वजन, रक्तदाब आणि साखर पाहिली जाते आहे ना? नसेल तर या भेटीत सांगून करून घ्या. डोळ्यांची तपासणीही.

पुढे काय? माझं मत विचाराल तर, ही तिसरी फेरी डॉक्टरांच्या वेळापत्रकाने सावकाश उतरवून संपवावी, आणि नुसता आकडा खाली आला म्हणून चौथी सुरू करू नये. हेच तुम्ही डॉक्टरांपुढे मांडा. तीन महिने उलटल्यामुळे तुमच्या लेकीचा आजार आता 'टिकून राहिलेला' या टप्प्यात मोजला जातो. वर्ष उलटलं तरच त्याला दीर्घकालीन म्हणतात. म्हणजे आपोआप बरं होण्याची वेळ अजिबात निघून गेलेली नाही. स्टिरॉइड उतरलं की काउंट बहुधा १५-२० हजारांवर येईल, कदाचित त्याहून खाली. ते तुम्हाला दोघांनाही आधीच ठाऊक असू द्या, म्हणजे त्या दिवशी घाबरून निर्णय होणार नाही. अंगावर डाग दिसतील. डागांवर उपचार करायचे नसतात.

आणि रक्तस्राव खरंच वाढला तर? त्यासाठी स्टिरॉइडखेरीज मार्ग आहेत. तातडी असेल तेव्हा आयव्हीआयजी एक-दोन दिवसांतच काउंट चढवतं, परिणाम साधारण दोन ते चार आठवडे टिकतो. नंतर एखाद-दोन दिवस डोकेदुखी-उलट्या होऊ शकतात हे माहीत असावं, नाहीतर त्या डोकेदुखीनेच माणूस हादरतो. नाक, हिरड्या यांतून झिरपणाऱ्या रक्तासाठी ट्रानेक्झॅमिक ॲसिडचा उपयोग होतो, मात्र लघवीतून रक्त जात असेल तर ते चालत नाही. आजार रेंगाळला, मुलगी खेळू-शिकू शकत नाही किंवा वारंवार रक्तस्राव होतोय अशी वेळ आली, तर अस्थिमज्जेला जास्त प्लेटलेट बनवायला लावणारी औषधं आहेत. एल्ट्रोम्बोपॅग ही रोजची गोळी आणि रोमिप्लोस्टिम हे आठवड्याचं इंजेक्शन. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एक वर्षावरील मुलांसाठी पहिल्याला २०१५ मध्ये आणि दुसऱ्याला २०१८ मध्ये मान्यता दिली. एल्ट्रोम्बोपॅग दुधापासून आणि कॅल्शियमपासून काही तास दूर ठेवावं लागतं, शिवाय यकृताच्या तपासण्या करत राहाव्या लागतात. प्रतिकारशक्तीवरच काम करणारं रिटुक्सिमॅब नंतर येतं. प्लीहा काढण्याच्या शस्त्रक्रियेचा विषय आत्ता कुणी काढला तर तो थांबवा. ती शक्यतो पहिलं वर्ष उलटेपर्यंत, आणि लहान मुलांत त्याहूनही पुढे ढकलतात, कारण प्लीहा गेल्यावर काही गंभीर संसर्गांचा धोका आयुष्यभर राहतो. नुसत्या प्लेटलेट चढवण्याचा आग्रहही धरू नका. बाहेरून दिलेल्या प्लेटलेटही तशाच नष्ट होतात, म्हणून त्या जिवावर बेतलेल्या रक्तस्रावासाठी राखून ठेवतात.

या भेटीत आणखी एक गोष्ट विचारा. आजार तीन महिन्यांपलीकडे गेला की निदान एकदा पुन्हा पडताळून पाहणं शहाणपणाचं असतं. रक्ताचा काचपट्टीवरचा नमुना तज्ज्ञ डोळ्यांनी पाहिला आहे का? इतर स्वयंप्रतिकार आजारांच्या, प्रतिकारशक्तीच्या तपासण्या लागतील का? घरात आणखी कुणाच्या प्लेटलेट कमी असतात का? मुलांच्या रक्तविकारांचे तज्ज्ञ उपलब्ध असतील तर त्यांचं मत घ्या. चांगले बालरोगतज्ज्ञ स्वतःच तसं पत्र देतात, त्यात कुणाचा अपमान नसतो.

ज्यांच्या मुलाचं निदान आत्ताच झालं आहे, त्या वाचकांसाठी इथे थांबून सांगते. स्टिरॉइडचा पहिला डोस देण्याआधी तो काचपट्टीवरचा नमुना पाहिला गेलाच पाहिजे. क्वचित कधी रक्ताचा कर्करोग आयटीपीसारखा दिसत सुरू होतो आणि स्टिरॉइडने तो काही काळ झाकला जातो. मूल एरवी खणखणीत असेल, हिमोग्लोबिन आणि पांढऱ्या पेशी ठीक असतील, गाठी, यकृत, प्लीहा वाढलेली नसेल, तर बोन मॅरोची सुई टोचण्याची सहसा गरज नसते. पण हाडं दुखत असतील, ताप उतरत नसेल, वजन घटत असेल किंवा रक्ताच्या इतर पेशीही बिघडलेल्या असतील, तर आधी निदान पक्कं करा, मग औषध. आणि काउंट एकदम कमी आला पण अंगावर एकही डाग नाही असं असेल, तर नळीतल्या रसायनामुळे प्लेटलेट एकमेकींना चिकटून यंत्राने कमी मोजल्या असतील, हेही पाहून घ्यावं.

तुमच्या घराकडे परत येते. यजमानांचा तो आलेख त्यांची भीती शमवण्याचा उपाय आहे. तो हिसकावून घेतलात तर भीती तशीच राहील आणि ती तुमच्यावर निघेल. त्याऐवजी त्यांच्या हाती दुसरं काम द्या : रक्तस्रावाची वही. रोज आंघोळीच्या वेळी अंग पाहायचं, तोंडात बॅटरी मारून गालांच्या आतली बाजू आणि जीभ पाहायची, लघवी-शौचाचा रंग, नाकातून रक्त आलं तर किती मिनिटं, मार लागला का, मुलगी दिवसभर कशी होती. डॉक्टरांना या वहीतून जे कळतं ते आठवड्याच्या काउंटमधून कळत नाही. काउंट किती दिवसांनी करायचा हे त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. रक्तस्राव नसताना दर आठवड्याला सुई टोचण्याचं कारण बहुधा उरणार नाही, आणि मुलीच्या हातालाही विश्रांती मिळेल. अर्ध्या गोळीचं यजमानांनाही तुम्ही स्वतःच सांगा. दुसरीकडून कळलं तर पुढचे कित्येक महिने ते प्रत्येक गोळी स्वतः मोजतील.

कधी थांबायचं नाही, तेही दोघांनी पाठ करून ठेवा. डोक्याला मार लागला, मग मूल वरवर ठीक दिसत असलं तरी. जोराची किंवा न थांबणारी डोकेदुखी, वारंवार उलट्या, अकारण गुंगी, झटका, बोलण्या-चालण्यात फरक. दाबून धरूनही दहा-पंधरा मिनिटांत न थांबणारा घोळणा. तोंडात काळसर रक्ताचे फोड. लाल लघवी, काळा किंवा रक्तमिश्रित शौच, रक्ताची उलटी. यातलं काही झालं तर आधी काउंट करून मग ठरवू असं म्हणायचं नाही, सरळ रुग्णालय गाठायचं. तिथे पोचताच आयटीपी आहे आणि स्टिरॉइड चालू आहे किंवा नुकतंच थांबलं आहे, हे सांगायचं. दुसरा भाग लोक विसरतात. आयटीपी आणि स्टिरॉइड या दोन्हींची एक चिठ्ठी पाकिटात ठेवा. स्टिरॉइड थांबल्यावरही काही महिने मोठा आजार किंवा शस्त्रक्रिया आली तर ही माहिती डॉक्टरांना लागते.

ताप किंवा दुखण्यासाठी पॅरासिटामॉल द्यावं. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड ही औषधं नकोत, कारण ती प्लेटलेटच्या कामात अडथळा आणतात. तापाच्या कित्येक मिश्र औषधांत ती दडलेली असतात, म्हणून बाटलीवरची घटकांची यादी वाचल्याशिवाय काही देऊ नका. डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्नायूत इंजेक्शन नको. स्टिरॉइड चालू असताना कांजिण्या किंवा गोवर झालेल्या मुलाशी तिचा संपर्क आला तर अंगावर पुरळ येण्याची वाट न पाहता त्याच दिवशी कळवा. जिवंत विषाणूंच्या लसी या काळात थांबवाव्या लागतात : मोठ्या डोसचं स्टिरॉइड दोन आठवडे किंवा जास्त चाललं असेल तर ते थांबल्यावर निदान महिनाभर, आणि आयव्हीआयजी दिलं असेल तर गोवर-कांजिण्यांच्या लसी बरेच महिने पुढे जातात. बाकीच्या लसींबद्दल डॉक्टर सांगतील. लस चुकतेय म्हणून धास्तावू नका, पण कुठली राहिली याची नोंद त्याच वहीत ठेवा.

आणि मुलीला शाळेत जाऊ द्या. तुमच्या पत्रात शाळेचा उल्लेखच नाही, त्यावरून ती घरी बसली असावी असं वाटतं. धक्काबुक्कीचे खेळ, उंचावरून उड्या, हेल्मेटशिवाय सायकल हे काउंट चांगला होईपर्यंत नको. पण वर्गात बसणं, चित्रं काढणं, मैत्रिणींबरोबर गप्पा मारणं, धावपळ नसलेले खेळ यांना काय हरकत आहे? शिक्षकांना आजार समजावून सांगा, पडल्यावर काय करायचं ते लिहून द्या. अंगावरचे काळेनिळे डाग पाहून मुलीला घरी मारहाण होते की काय अशी शंका शाळेत येऊ शकते आणि ती येणं योग्यच आहे, म्हणून डॉक्टरांचं पत्र आधीच नेऊन द्या. हा आजार संसर्गजन्य नाही, हेही त्या पत्रात असू द्या. लेकीलाही तिच्या भाषेत सांगा की डाग दुखत नाहीत, हळूहळू जातील, आणि पडलीस तर न लपवता सांगायचं, कुणी रागावणार नाही. घरात भीतीचं वातावरण असलं की मुलं पडलेलं लपवतात.

डॉक्टरांकडे दोघंही जा. जाताना तीन प्रश्न लिहून न्या : स्टिरॉइड कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या पायऱ्यांनी थांबणार आहे, थांबल्यावर नेमकं काय झालं तर पुन्हा उपचार करायचे आणि काय झालं तर करायचे नाहीत, आणि रात्री-अपरात्री रक्तस्राव झाला तर कुठे जायचं, कुणाला फोन करायचा. उत्तरं त्यांच्यासमोरच वहीत उतरवून घ्या आणि वाचून दाखवा. एका भेटीत वेळ पुरला नाही तर फक्त या बोलण्यासाठी वेगळी वेळ मागा. पण अर्ध्या गोळीचा फोन त्या भेटीपर्यंत राहू देऊ नका, तो आजच करा.